झिलियन म्हणजे एकावर किती शून्यं? इंग्रजीतल्या 'ढीगभर' शब्दांची गोष्ट

'आय हॅव अ झिलियन थिंग्ज टू डू.' वेब सिरीजमध्ये, सिनेमात किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये हे वाक्य तुमच्या कानावर कधी ना कधी पडलं असेल. बोलणाऱ्याच्या मागे खूप कामं आहेत, हे लगेच कळतं. पण झिलियन म्हणजे नेमके किती? लाख? कोटी? की अब्ज?

उत्तर आहे, काहीच नाही. झिलियन नावाची संख्या गणितात नाही. तो आकड्यासारखा दिसणारा, आकड्यासारखा वापरला जाणारा, पण कोणताही आकडा न सांगणारा शब्द आहे. आणि तो एकटा नाही. लॉट्स, टन्स, लोड्स, हीप्स, ऊडल्स, अम्प्टीन, गझिलियन अशी या शब्दांची मोठी फौज इंग्रजीत आहे. सगळ्यांचा अर्थ एकच, 'खूप'.

मग एका 'खूप'साठी इतके शब्द लागतात कशाला? ते आले कुठून? आणि इंग्रजीत काम करणाऱ्या मराठी माणसाला त्यातला फरक माहीत असणं का गरजेचं आहे? समजून घेऊया.

'लॉट' : आधी चिठ्ठी, मग वाटा, मग भरपूर

सुरुवात सगळ्यात ओळखीच्या शब्दापासून करू. 'अ लॉट ऑफ' शाळेतच शिकवलं जातं. पण जुन्या इंग्रजीत 'लॉट'चा अर्थ 'खूप' असा नव्हता. एखादा निर्णय नशिबावर सोडायचा असेल, तर लाकडाचा तुकडा किंवा तशीच एखादी वस्तू टाकून कौल घेतला जायचा. त्या वस्तूला लॉट म्हणायचे. आपल्याकडे चिठ्ठ्या टाकतात, तसाच प्रकार.

चिठ्ठीतून ज्याच्या वाट्याला जे आलं, तो त्याचा लॉट. म्हणजे शब्द 'चिठ्ठी'वरून 'वाटा' या अर्थावर आला. पुढे लिलावात एकत्र विकायला ठेवलेल्या वस्तूंच्या गटालाही लॉट म्हणू लागले. लिलावात आजही 'लॉट नंबर' असतो. एका गटात बऱ्याच वस्तू असतात, म्हणून हळूहळू 'अ लॉट' म्हणजे 'बरंच काही' असा अर्थ रुळला.

या शब्दाचे दोन नातेवाईक मराठीत रोज भेटतात. एक 'लॉटरी' आणि दुसरा 'अलॉट'. म्हाडाच्या घरांची लॉटरी निघते आणि नशीबवान अर्जदाराला घर अलॉट होतं, तेव्हा हे दोन्ही शब्द त्यांच्या मूळ अर्थाच्या अगदी जवळ असतात. चिठ्ठी आणि वाटा.

यातूनच स्पेलिंगची एक नेहमीची चूकही समजते. 'अ लॉट' हे दोन वेगळे शब्द आहेत, मध्ये जागा सोडावी लागते. ते जोडून लिहिणं चूक. आणि दोन एल घालून जोडून लिहिलं तर तो 'वाटप करणे' या अर्थाचा दुसराच शब्द होतो.

गोदामातून आणि बाजारातून आलेले शब्द

'लॉट'सारखाच प्रवास इतर अनेक शब्दांचा आहे. माल मोजायची, वाहायची किंवा रचून ठेवायची जी साधनं होती, त्यांचीच नावं पुढे 'खूप' या अर्थानं वापरली जाऊ लागली.

टन हे वजन आपल्याला माहीत आहे. पण या शब्दाचं मूळ वजनात नाही, तर पिंपात आहे. दारू साठवण्याच्या अवाढव्य लाकडी पिंपाला इंग्रजीत टन म्हणत. त्यावरून वजनाचं माप आलं. तेही सगळीकडे सारखं नाही. आपला मेट्रिक टन १,००० किलोंचा. अमेरिकेतला टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. ब्रिटनमधला जुना टन २,२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,०१६ किलोंचा. पण 'आय हॅव अ टन ऑफ वर्क' म्हणणाऱ्याला यातला कोणता टन, असं कुणी विचारत नाही. क्रिकेटमध्ये मात्र हाच टन एकदम काटेकोर होतो. तिथे टन म्हणजे शतक. नव्व्याण्णववर आउट झालेल्याला टन मिळत नाही.

'लोड' म्हणजे वाहून न्यायचं ओझं. त्यावरून 'लोड्स ऑफ', म्हणजे गाडीभर. ब्रिटनमध्ये हा शब्द फार चालतो. १९८० च्या दशकात तिथल्या टीव्हीवर हॅरी एनफिल्ड या विनोदी नटानं 'लोड्सअमनी' नावाचं पात्र गाजवलं होतं. हातातलं नोटांचं बंडल नाचवत पैशाचा माज दाखवणारा हा माणूस. थॅचर यांच्या काळातल्या नवश्रीमंतांची ती टिंगल होती. मराठी तरुणांनी मात्र 'लोड' उचलला तो वेगळ्याच अर्थानं. 'लोड घेऊ नको' म्हणजे टेन्शन घेऊ नको. ओझं दोन्हीकडे आहे, इंग्रजीनं त्यातलं प्रमाण घेतलं आणि मराठीनं ताण.

'हीप' आणि 'पाइल' म्हणजे ढीग. 'बंच' म्हणजे जुडी किंवा घड. 'रीम' म्हणजे कागदाचा गठ्ठा, जो छापखान्यात साधारण ५०० कागदांचा धरला जातो. पण कुणी 'रीम्स ऑफ डेटा' म्हटलं, तर त्यात एकही कागद नसू शकतो.

'स्कोअर'ची कथा आणखी रंजक आहे. क्रिकेटमुळे हा शब्द घराघरांत पोहोचला. मूळ अर्थ मात्र काठीवर कोरलेली खाच. मोजणी करताना दर वीसला एक खाच केली जायची, म्हणून स्कोअर म्हणजे वीस. अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या प्रसिद्ध भाषणाची सुरुवात करताना ८७ वर्षांचा काळ 'चार विसा आणि सात' अशाच पद्धतीनं सांगितला होता. आज इंग्रजी बातमीत 'स्कोअर्स इंजर्ड' असं आलं, तर त्याचा अर्थ वीस-वीस मोजले असा नसतो. बरेच जण जखमी, नक्की आकडा अजून हाती नाही, एवढंच त्यातून कळतं.

हे वाचून मराठी वाचकाला परकं काहीच वाटणार नाही. कारण आपण अगदी हेच केलंय. 'खंडीभर कामं पडलीत' म्हणताना खंडी हे वीस मणांचं माप आहे, हे किती जणांच्या लक्षात असतं? 'ढीगभर', 'पोतंभर', 'गाडाभर' हे शब्दही शेतातून, खळ्यातून आणि बाजारातूनच आले. 'पैशाला पासरी' मधली पासरी म्हणजे पाच शेरांचं माप. माप वापरातून गेलं, शब्द मात्र तोंडात राहिला.

आयर्लंडची देणगी

काही शब्द इंग्रजीनं शेजाऱ्यांकडून घेतले. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत 'डिस्काउंट्स गॅलोर' असं दिसतं. हे 'गॅलोर' आयरिश भाषेतल्या 'गो लोर' या शब्दांवरून आलंय. त्याचा अर्थ पुरेसं, मुबलक. इंग्रजीत विशेषण सहसा नामाच्या आधी येतं, पण गॅलोर नेहमी नामानंतर येतं, कारण आयरिशमध्ये त्याची जागा तीच होती. शब्द आला तो आपली सवय घेऊनच.

'अ स्ल्यू ऑफ' मधलं 'स्ल्यू'ही आयरिशच. तिकडे 'स्लुआ' म्हणजे जमाव किंवा सैन्य. १९ व्या शतकात हा शब्द अमेरिकेत रुजला आणि आज तिथल्या बातम्यांत सर्रास दिसतो. 'ऊडल्स'ही अमेरिकेतलाच. त्याच्या मुळाबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

अम्प्टीन : तारयंत्रातून निघालेला आकडा

आता वळूया खोट्या आकड्यांकडे. आतापर्यंतचे शब्द निदान खऱ्या मापांवरून किंवा वस्तूंवरून आले होते. अम्प्टीन हा शब्द मात्र सरळ आकड्याचं सोंग घेतो.

तारेनं संदेश पाठवण्यासाठी मोर्स कोड वापरला जायचा. त्यात दोनच खुणा, टिंब आणि रेघ. तारवाल्यांच्या बोलीत टिंबाला 'इडी' आणि रेघेला 'अम्प्टी' म्हणायचे. पुढे 'अम्प्टी' हा शब्द न सांगितलेल्या आकड्यासाठी वापरला जाऊ लागला. इंग्रजीत थर्टीनपासून नाइन्टीनपर्यंतच्या आकड्यांना शेवटी 'टीन' असतं. तेच शेपूट अम्प्टीला जोडलं आणि अम्प्टीन तयार झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या बोलण्यातून तो चांगलाच पसरला.

गंमत म्हणजे शेपूट 'टीन'चं, म्हणजे तेरा ते एकोणीसच्या घरातलं. पण अर्थ मात्र 'असंख्य'. 'आय हॅव टोल्ड यू अम्प्टीन टाइम्स' म्हणजे तुला किती वेळा सांगितलं, याची आता मोजदाद नाही. यात थोडा वैतागही असतो. आई मुलाला 'शंभरदा सांगितलं तुला' म्हणते, तोच सूर.

ब्रिटन-अमेरिकेत हा शब्द बोलण्यातला आणि हलकाफुलका मानला जातो. भारतात मात्र तो अर्ज-विनंत्यांत आणि तक्रारींच्या पत्रांतही गंभीर चेहऱ्यानं वावरतो. शिवाय आपल्याकडे 'अम्प्टीन नंबर ऑफ टाइम्स' असंही लिहिलं जातं. अम्प्टीन स्वतःच आकड्याच्या जागी बसतो, त्यामुळे 'नंबर ऑफ' जास्तीचं आहे. 'अम्प्टीन टाइम्स' पुरेसं.

याचाच एक खास भारतीय भाऊ म्हणजे 'एन नंबर ऑफ'. 'मी त्याला एन नंबर ऑफ टाइम्स सांगितलं' हे मराठी बोलतानाही सहज येऊन जातं. बीजगणितात कोणत्याही संख्येसाठी 'एन' वापरतात, तिथून हा प्रयोग रोजच्या बोलण्यात आला. भारतीय इंग्रजीत तो सगळ्यांना कळतो. परदेशी सहकाऱ्याला मात्र यावर क्षणभर थांबावं लागू शकतं.

मग झिलियन कुठून आला?

त्यासाठी आधी मिलियन बघावा लागेल. इटालियन भाषेत 'मिले' म्हणजे हजार. त्याला मोठेपणा दाखवणारा प्रत्यय लावून 'मिलिओने' झाला, म्हणजे 'मोठा हजार'. त्यावरून मिलियन. थोडक्यात, आज काटेकोर मानला जाणारा मिलियनही जन्माला आला तो 'भला मोठा' असं सांगण्यासाठीच.

मिलियनच्या धर्तीवर बिलियन, ट्रिलियन झाले. पंधराव्या शतकात निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञानं अशा नावांची पद्धतशीर मालिका मांडली. लोकांच्या कानाला एक सवय लागली. शेवटी 'इलियन' आलं की आकडा प्रचंड मोठा असणार. मग पुढे कोणतंही अक्षर लावलं तरी काम भागतं. विसाव्या शतकात झिलियन, जिलियन, स्क्विलियन, बझिलियन, गझिलियन असे शब्द एकामागून एक आले. झिलियनमधलं 'झेड' हे इंग्रजी वर्णमालेतलं शेवटचं अक्षर. त्याच्या पुढे काही नाही, म्हणून तो सगळ्यात मोठा वाटतो.

अमेरिकेतल्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीतले मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन क्रिसोमालिस यांनी अशा शब्दांचा अभ्यास केला आहे. झिलियन, अम्प्टीन यांच्यासारख्या शब्दांना ते अनिश्चित आणि अतिशयोक्त संख्याशब्द म्हणतात. रूप आकड्याचं, पण काम अतिशयोक्तीचं.

या शब्दांत लहान-मोठं असतं का? म्हणजे गझिलियन झिलियनपेक्षा मोठा का? गणितात या प्रश्नाला अर्थ नाही. पण बोलताना लांबलचक आणि जोरकस शब्द मोठा वाटतो. म्हणूनच भांडणारी मुलं झिलियनला गझिलियननं उत्तर देतात.

खोटा शब्द खरा झाला तेव्हा

आतापर्यंत आपण पाहिलं की खरी मापं सैल होत गेली. पण उलटा प्रवासही झालाय.

एडवर्ड कॅसनर नावाच्या अमेरिकी गणितज्ञाला एकावर शंभर शून्यं असलेल्या संख्येसाठी नाव हवं होतं. त्यांनी आपल्या नऊ वर्षांच्या भाच्याला, मिल्टन सिरोट्टाला विचारलं. त्यानं सुचवलं, 'गुगॉल'. १९४० मध्ये कॅसनर यांनी जेम्स न्यूमन यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकातून हे नाव जगभर पोहोचलं. एका मुलानं मजेत सुचवलेला शब्द पक्की संख्या बनला. पुढे स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या सर्च इंजिनसाठी याच शब्दाचं बदललेलं स्पेलिंग घेतलं. ते गुगल.

दुसरा किस्सा कॅलिफोर्नियाचा. त्या राज्याच्या उत्तर भागात 'हेला' हा शब्द तरुणांच्या तोंडी असतो. अर्थ आपल्या 'लय' सारखा. 'हेला गुड' म्हणजे लय भारी, 'हेला पीपल' म्हणजे लय माणसं. २०१० मध्ये ऑस्टिन सेंडेक या तिथल्या विद्यार्थ्यानं एक ऑनलाइन मोहीम सुरू केली. किलो, मेगा, गिगा अशी जी आंतरराष्ट्रीय उपसर्गांची यादी आहे, त्यात एकावर २७ शून्यांसाठी तेव्हा नाव नव्हतं. ते 'हेला' ठेवा, अशी त्याची मागणी होती. गुगलनं आपल्या कॅल्क्युलेटरमध्ये हा उपसर्ग घेऊनही टाकला.

अधिकृत मान्यता मात्र मिळाली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं २७ शून्यांसाठी 'रोना' आणि ३० शून्यांसाठी 'क्वेटा' ही नावं ठरवली. त्यामुळे आज पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ रोनाग्रॅम असं सांगतात. मागणी मान्य झाली असती, तर ते ६ हेलाग्रॅम झालं असतं.

ही सवय फक्त इंग्रजीची नाही

प्राचीन रोममध्ये लॅटिन बोलणारे लोक 'सहाशे' हा शब्द 'असंख्य' या अर्थानं वापरत. फ्रेंचमध्ये ३६ हा आकडा असाच येतो. स्वीडिश लोक 'फेमतिएल्वा' म्हणतात, शब्दशः 'पन्नास-अकरा'. अशी संख्या नाही, पण अर्थ सगळ्यांना कळतो.

आणि मराठीत? 'सतराशे साठ भानगडी' म्हणताना आपण १,७६० भानगडी मोजलेल्या नसतात. 'असे छप्पन पाहिले' मधले छप्पनही मोजलेले नसतात. अम्प्टीनचा अनुवाद करायची वेळ आली, तर 'असंख्य' या पुस्तकी शब्दापेक्षा 'सतराशे साठ' जास्त जवळचा. कारण त्यात तोच वैताग आहे.

प्रमाण सांगणारे बोलीतले शब्द तर विचारूच नका. लय, रग्गड, चिक्कार, बक्कळ, मायंदाळ, मोप, जाम. इंग्रजीप्रमाणेच इथेही शब्दावरून माणूस कुठला, याचा अंदाज येतो.

कोण कुठे काय म्हणतं?

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरमधले हजारो तरुण रोज परदेशी क्लायंटशी बोलतात. शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जाणारेही अनेक आहेत. त्यांना ही ढोबळ विभागणी उपयोगी पडेल.

अमेरिकी माणूस 'अ टन ऑफ', 'अ बंच ऑफ', 'अ स्ल्यू ऑफ' जास्त वापरतो. ब्रिटिश माणसाच्या तोंडी 'लोड्स ऑफ' असतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 'हीप्स'चं राज्य. तिथे 'थँक्स हीप्स' म्हणजे खूप आभार. ब्रिटनमध्ये 'यू लॉट' म्हटलं तर त्याचा 'खूप'शी संबंध नाही. तो फक्त 'तुम्ही सगळे' असा अर्थ.

व्याकरणाचा एक नियम मात्र सगळीकडे सारखा आहे. 'अ लॉट ऑफ', 'लोड्स ऑफ', 'टन्स ऑफ' यांच्या पुढचं क्रियापद त्यांच्याकडे बघत नाही, पुढच्या नामाकडे बघतं. 'अ लॉट ऑफ पीपल आर', पण 'अ लॉट ऑफ वॉटर इज'. 'लॉट्स' अनेकवचनी दिसलं तरी 'लॉट्स ऑफ वॉटर इज' हेच बरोबर.

आणखी एक गोष्ट. बोलताना 'आय हॅव मच वर्क' व्याकरणात बसलं तरी कानाला अवघडल्यासारखं लागतं. साध्या होकारार्थी वाक्यात 'अ लॉट ऑफ वर्क' जास्त सहज वाटतं. 'मच' नकारार्थी किंवा प्रश्नार्थक वाक्यात शोभतं.

या घराण्यात शिवीला जोडलेले काही शब्दही आहेत. 'लोड'च्या आधी एखादा असभ्य शब्द लावून ते तयार होतात. सिनेमांत ते धडाधड ऐकू येतात, म्हणून मीटिंगमध्ये चालतील असं समजू नका.

'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे नाहीत!

या सगळ्या विषयात सर्वात जास्त फसवणारा शब्दप्रयोग हाच. 'फ्यू' म्हणजे थोडे, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. 'क्वाइट' म्हणजे अगदी. मग 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे 'अगदी थोडे', असं गणित डोक्यात आपोआप मांडलं जातं.

प्रत्यक्षात अर्थ उलटा आहे. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच.

समजा, लंडनच्या क्लायंटनं शुक्रवारी संध्याकाळी मेल केला, 'क्वाइट अ फ्यू युजर्स हॅव कम्प्लेन्ड.' पुण्यातल्या टीमनं वाचलं, अगदी थोड्या लोकांची तक्रार आहे. काम सोमवारवर ढकललं. क्लायंटला मात्र सांगायचं होतं की, बऱ्याच जणांची तक्रार आहे, लगेच बघा. सोमवारी सकाळी जो कॉल होईल, त्यात 'आम्हाला वाटलं थोडेच आहेत' हे सांगून काही उपयोग नाही.

'अ गुड फ्यू' आणि ब्रिटिशांचं 'अ फेअर फ्यू' यांचाही अर्थ बरेच असाच. 'ओन्ली अ फ्यू' म्हणजे मात्र खरोखर थोडेच. 'अ फ्यू' म्हणजे काही, आणि 'अ' काढून नुसतं 'फ्यू' म्हणजे फारसे नाहीतच. एका अक्षराचा फरक, पण निरोप बदलतो.

लिहिताना काय वापरायचं?

मित्राला मेसेज करताना 'लोड्स', 'टन्स', 'झिलियन' काहीही चालेल. स्पर्धा परीक्षेतला निबंध, नोकरीचा अर्ज, सरकारी पत्र किंवा संशोधनाचा अहवाल असेल, तर हे शब्द टाळलेले बरे. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'मेनी', 'न्युमरस', 'अ लार्ज नंबर ऑफ' वापरा. न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'अ ग्रेट डील ऑफ' किंवा 'कन्सिडरेबल'.

पण भारदस्त शब्द वापरतानाही सावध राहायला हवं. निबंधात 'अ प्लेथोरा ऑफ' टाकला की भाषा वजनदार होते, असा समज आहे. हा शब्द मुळात वैद्यकशास्त्रातला. शरीरात रक्ताचं प्रमाण वाजवीपेक्षा जास्त होणं, हा त्याचा जुना अर्थ. म्हणून अजूनही त्यात 'गरजेपेक्षा जास्त' ही छटा डोकावते. 'प्लेथोरा ऑफ अपॉर्च्युनिटीज' लिहिताना संधी जास्तच झाल्यात, असं तर सुचवायचं नाही ना, हे एकदा बघून घ्या.

आकडा हवा तिथे आकडाच

सैल शब्द बोलण्यापुरते ठीक. पण आकडेच सैल झाले तर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटननं पाहिलंय. तिथे बिलियनचा जुना अर्थ होता एक मिलियन मिलियन, म्हणजे एकावर १२ शून्यं. अमेरिकेत मात्र बिलियन म्हणजे एकावर ९ शून्यं. एकाच भाषेतला एकच शब्द, आणि दोन अर्थांत हजारपटीचा फरक. अखेर डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी संसदेत लेखी उत्तरात स्पष्ट केलं की, सरकार बिलियन हा शब्द ९ शून्यांच्याच अर्थानं वापरेल.

आपल्यासाठी हिशेब सोपा आहे. मिलियन म्हणजे १० लाख. बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजे एक अब्ज. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. बिलियनला घाईत कोटी समजलं, तर शंभरपटीची चूक होते. कर्जाची, बजेटची किंवा कंपनीच्या नफ्याची बातमी वाचताना एवढं पाठ असलेलं बरं.

म्हणून लॉट्स, टन्स, झिलियन हे शब्द ऐकताना एक लक्षात ठेवायचं. ते प्रमाण सांगत नाहीत, बोलणाऱ्याला काय वाटतंय ते सांगतात. उत्साह, कंटाळा, वैताग, कौतुक. 'वी हॅव टन्स ऑफ ऑर्डर्स' म्हणणारा विक्रेता खोटं बोलत असतो असं नाही, पण त्यानं आकडाही दिलेला नसतो. तो आपल्याला विचारून घ्यावा लागतो. 'हाउ मेनी, रफली?' हे तीन शब्द त्यासाठी पुरतात आणि ते विचारणं कुठेही उद्धट मानलं जात नाही.

हेच स्वतःच्या बाबतीतही लागू होतं. बायोडेटात 'लॉट्स ऑफ एक्स्पिरिअन्स' लिहिणाऱ्यापेक्षा '४ वर्षांचा अनुभव, ३ प्रोजेक्ट' असं लिहिणाऱ्याचं पान जास्त काळजीनं वाचलं जाण्याची शक्यता आहे. गप्पांत मात्र बिनधास्त झिलियन वापरा. तिथे शून्यं मोजायला कुणी बसलेलं नसतं.